धडा आपल्या गल्लीतला हवा

अगं, स्किझोफ्रेनियाच्या माणसाला बोलणं-वागणं शिकवायच्या धड्यांची तू मराठीत आणलेली पानं मी परवा रात्री बसून सगळी वाचली. मराठी छान केलंयस, कुठे अडखळायला होत नाही. पण ऐकशील का माझं? ती पानं तुझ्या दादासमोर जशीच्या तशी ठेवू नकोस. तुझ्या कष्टाला नावं ठेवत नाहीये मी. त्यातली शिकवायची रीत अगदी कामाची आहे आणि ती आपण सोडायची नाही. पण त्यातले प्रसंग दादाचे नाहीत.

पहिलाच धडा घे. कॉफीच्या दुकानात जा, शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी माणसाकडे बघून हसा, हवामानावर दोन वाक्यं बोला. आता आपल्या बुऱ्हाणपुरात शनवाऱ्यावर दादा असा एकटा टेबलाशी कुठे बसणार? टपरीवर बाकड्यावर चौघांना चिकटून बसावं लागतं. तिथे गप्पा आधीपासून रंगलेल्या असतात, आपल्याला त्यांत शिरायचं असतं. हे शिरणंच दादाला जमत नाही, आणि त्याचा धडा त्या पानांत कुठेच नाही. हवामानाचं म्हणशील तर इकडे त्यावर केळीवाले बोलतात, आणि ते वेळ घालवायला बोलत नाहीत. उन्हाळ्यात वादळ सुटलं की उभी बाग आडवी होते, वर्षाची कमाई जाते. अशा माणसाला हसून 'काय छान वारं सुटलंय' म्हटलं तर काय होईल, तूच सांग.

ही रीत आली कुठून ते आधी सांगते, म्हणजे काय ठेवायचं आणि काय काढायचं ते तुला ठरवता येईल. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात रॉबर्ट लिबरमन नावाचे मानसोपचारतज्ज्ञ होते. औषधानं आवाज थांबतात, संशय निवळतो, आणि तरी माणूस घरात भिंतीकडे बघत बसून राहतो, हे त्यांना दिसत होतं. मग त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोलण्या-वागण्याचे छोटे छोटे धडे बांधले. पुढे 1997 साली ॲलन बेलॅक, किम म्यूझर वगैरे मंडळींनी पायरीपायरीनं शिकवायचं एक पुस्तकच काढलं. तुझी पानं त्याच घराण्यातली आहेत. ते धडे त्यांनी त्यांच्या गावच्या माणसांसाठी लिहिले, त्यात त्यांचं काही चुकलं नाही. पण दुसरीच्या मापाचा ब्लाउज कापड कितीही चांगलं असलं तरी आपल्या अंगाला बसत नाही, उसवून पुन्हा शिवावा लागतो. तेवढंच आपल्याला करायचंय.

आणि दादाला हे सगळं शिकवावं का लागतं, हे घरात सगळ्यांना नीट समजलेलं असू दे. स्किझोफ्रेनिया बहुतेकांना ऐन तारुण्यात गाठतो. ज्या वयात बाकीची मुलं पहिल्या नोकरीत शिव्या खातात, मित्रांत भांडतात, मिटवतात, लग्नकार्यात वाढपी म्हणून धावतात, त्या वयात दादा आवाजांशी झुंजत होता. शिकायची वर्षंच हातची गेली. त्यात हा आजार लक्ष टिकू देत नाही, समोरच्याच्या चेहऱ्यावरचा राग की थट्टा ते चटकन ओळखू देत नाही, आणि उत्साहाचा झराच आटवतो. लोक त्याला आळस म्हणतात. तुझे बाबाही म्हणतात, मी ऐकलंय. आळशी माणसाला काम नको असतं. दादाला हवं असतं, पण सुरुवात कुठून करायची तेच सापडत नाही. हा फरक बाबांना एकदा शांतपणे सांग.

रीत म्हणजे काय? एका वेळी एकच गोष्ट घ्यायची. तिच्या तीन-चार पायऱ्या पाडायच्या. आधी तू करून दाखवायची, मग त्यानं करायची. झाल्यावर काय चांगलं झालं ते नेमकं सांगायचं. 'छान केलंस' म्हणून भागत नाही. 'या वेळी आवाज स्पष्ट आला, पैसे आधीच हातात काढून ठेवले होतेस' असं सांगायचं. मग सुधारायची एकच गोष्ट सांगायची, दोन नाहीत, आणि लगेच पुन्हा करून घ्यायचं. वीस मिनिटांच्या वर बसायचं नाही. तो अस्वस्थ असेल, झोप झालेली नसेल, स्वतःशी फार पुटपुटत असेल, तर त्या दिवशी धडा नाही. हा सांगाडा हलवू नकोस. मांस मात्र सगळं आपलं घाल.

आता आपल्या गल्लीत ये.

आमच्या भाऊजींचं सांगते, त्यांनाही दादासारखाच आजार आहे. आमच्या समोरच्या ओट्यावर एक आजोबा बसलेले असतात. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला विचारतात, 'काय रे, कुठं निघाला?' तुला-मला त्यात काही वाटत नाही, आपण 'इथंच' म्हणतो आणि पुढे होतो. भाऊजींना तो प्रश्न म्हणजे चौकशी वाटायची. आपल्यावर पाळत आहे, सगळं कुठेतरी लिहून घेतलं जातंय, असं वाटायचं. म्हणून ते मागच्या बोळातून, गटार ओलांडून जायचे. घरच्यांना वाटे की पुन्हा आजार उलटला. डॉक्टरांनी औषध बदललं नाही, 'त्यांना विचारा, समोरून का जात नाहीत' एवढंच म्हणाले. विचारल्यावर हे निघालं.

मग आम्ही घरातच ओटा केला. मी आजोबा झाले, मांडी घालून बसले, हातात पेपर. भाऊजींनी यायचं, चाल थोडी कमी करायची, 'राम राम आजोबा' म्हणायचं, 'इथंच, चौकात' म्हणायचं, आणि थांबायचं नाही. एवढंच. पहिल्यांदा त्यांनी मला सगळं खरं खरं सांगितलं: दवाखान्यात चाललोय, गोळ्या संपल्यात, पैसे घरच्यांनी दिलेत. त्या प्रश्नाला खरं उत्तर द्यावं लागत नाही, हे त्यांना कोणी कधी सांगितलंच नव्हतं. आपल्याला तरी कोणी सांगितलं होतं? आपण लहानपणापासून ऐकत आलो म्हणून अंगवळणी पडलं. असे किती नियम असतील बघ, जे कुठल्याच पुस्तकात नाहीत आणि सगळ्या गावाला पाठ आहेत.

तुझ्या पानांत एक वाक्य आहे, की पगार, वय, लग्न असे खाजगी प्रश्न अनोळखी माणसानं विचारले तर ते टाळावेत. अगं, आपल्याकडे ओळखच त्या प्रश्नांनी होते! रावेरहून कोणी पाहुणा आला की पहिला प्रश्न 'काय करतो सध्या?', दुसरा 'लग्न झालं का?' दादा तिशीचा आहे, घरी बसून आहे, त्याला हे दोन प्रश्न मरेपर्यंत चुकणार नाहीत. तो खोलीत निघून जातो ते उद्धटपणानं जात नाही, उत्तर नसतं म्हणून जातो. त्याला उत्तर तयार करून दे, त्याच्याशी बोलून, त्याला पटेल असं. 'सध्या घरच्या कामात आहे' हे खोटं नाही. आईला दळण आणून देतो, बिलं भरतो, हे कामच आहे. 'लग्नाचं बघू पुढे' म्हणून लगेच उलटा प्रश्न टाकायचा: 'तुमच्याकडे केळीला भाव काय निघाला यंदा?' पाहुणा तिकडे वळलाच म्हणून समज. हा उलटा प्रश्न टाकायचा धडा मी सगळ्यात वरचा मानते. बाकी काही जमलं नाही तरी हा करून घे.

नजरेचं तसंच. पानांत लिहिलंय की समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोला. बाबांच्या, मोठ्या काकांच्या डोळ्यांत रोखून बघत बोलला तर काय म्हणतील? पण खाली मान घालून पुटपुटला तरी लोक घाबरतात. मधला मार्ग असा की वाक्य सुरू करताना एकदा बघायचं, मग नजर हातांकडे किंवा दुकानातल्या मालाकडे, शेवटी पुन्हा एकदा. बायकांशी बोलताना आणखी कमी, 'ताई', 'काकू' म्हणून सुरुवात करायची. आणि हातभर अंतर ठेवा असं जे लिहिलंय ते रेशनच्या रांगेत कोण ठेवू देणार? तिथे मागचा माणूस पाठीला टेकणारच. तो धक्का हल्ल्याचा नसतो, हे दादाला आधी सांगून ठेव. त्याला नको झालं तर रांगेतून निघून मागच्याला 'जरा जागा धरा, आलोच' म्हणायचं, हेही करून घे.

भाषेचा गुंता तर आपल्या गावाला पाचवीलाच पुजलेला. घरात मराठी, बाजारात हिंदी, यंत्रमागावर उर्दूच्या वळणाची हिंदी, बोहरी दुकानदाराच्या गल्ल्यावर गुजराती कानावर पडते. मराठी शाळेत शिकलेलं पोर घाबरलं की हिंदीतही थोरामोठ्याला 'तू' म्हणून जातं, आणि समोरचा चिडतो. दादाच्या डोक्यावर चार भाषांचे चार शिष्टाचार लादू नकोस. बाहेर सगळ्यांना 'आप', मोठ्याला 'चाचा', बरोबरीच्याला 'भैया', बस्स. नमस्कारासाठी 'राम राम' आणि 'सलाम' दोन्ही येऊ देत. इतवाऱ्यापासून शिकारपुऱ्यापर्यंत कुठेही तेवढ्यावर निभावतं. तुझ्या वहीत संवाद लिहिशील तेव्हा बाजारातली वाक्यं हिंदीतच लिही. बाजारात जे हिंदीत बोलायचं ते मराठीत घोकून काय उपयोग?

आता घरातलं. पानांतली वाक्यं बघ: 'तू मला चहा करून दिलास तर मला फार बरं वाटेल.' असं दादा आईला म्हणाला तर ती आधी कपाळाला हात लावून ताप बघेल. आपल्या घरात माया अशी बोलून दाखवत नाहीत. दुसऱ्यांदा भाजी मागून घेतली की आईला समजतं. बाबांचा चष्मा न सांगता आणून दिला की बाबांना समजतं. हेच धड्यात घाल. जेवण झाल्यावर ताट उचलून मोरीत ठेवायचं, पाणी विचारायचं, आई बाहेरून आली की हातातली पिशवी घ्यायची. या गोष्टी त्याला जमतात आणि त्यांचं फळ लगेच दिसतं.

पण इथे एक सांभाळ. आपल्या रीतीप्रमाणे करायचं म्हणजे त्याला नुसतं आज्ञाधारक करायचं असं होऊ देऊ नकोस. मला याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते. नाराजी सांगता येणं हे त्या पुस्तकातलं मोठं कौशल्य आहे आणि ते दादाला हवंच. त्याच्या वतीनं घरातले सगळे बोलतात. तो काय खाणार, कुठे जाणार, सगळं. बाबांना तोंडावर 'मला हे आवडलं नाही' म्हणणं त्याला झेपणार नाही, बाबांनाही नाही. मग आपल्याकडे काय करतात? आईकडे बोलतात, किंवा तुझ्याकडे. मधल्या माणसाकडून निरोप पोचवणं हा आपल्या घराचा जुना रस्ता आहे. त्याला तो वापरायला शिकव: आईला बाजूला घेऊन, एकाच गोष्टीबद्दल, आवाज न चढवता. 'बाबांनी पाहुण्यांसमोर माझ्या गोळ्यांचं काढू नये.' एवढं एक वाक्य नीट पोचलं तरी घर हलकं होतं. घरातले टोमणे आणि सततची टोचणी यांनी आजार उलटतो, हे जगभर अभ्यासून झालंय. चंदीगडला डॉ. विग आणि लंडनचे ज्युलियन लेफ यांनी 1980 च्या दशकात कुटुंबांचा अभ्यास केला, तेव्हा आपल्याकडची कुटुंबं लंडनच्या मानानं कमी टोचून बोलणारी निघाली. ही आपली पुंजी आहे, ती उधळू नये.

आणखी काही प्रसंग सांगते, पानांत नसलेले. लग्नाच्या पंगतीतला आग्रह. 'नको' हा शब्द आपल्याकडे नकार मानतच नाहीत, तीनदा वाढतात. दादाचं वजन गोळ्यांनी वाढलंय, त्याला मावा जिलेबी नको असते आणि शेवटी तो ताटावरून उठतो. ताटावर हात आडवा धरायचा, 'झालं, मघाशीच दोन घेतल्या' म्हणायचं, आणि वाढणाऱ्याकडे बघून हसायचं. दुसरा प्रसंग मयताच्या घरी जाण्याचा. तिथे काही बोलायचं नसतं, बसायचं, आणि निघताना 'येतो' म्हणायचं नाही. हे न शिकवलेला माणूस तिथे हमखास चुकतो आणि मग घरचे त्याला कुठेच नेत नाहीत. तिसरा, मित्राच्या हातातली गुटख्याची पुडी किंवा गांजाची चिलीम. गांजा या आजारात फार घातक आहे. 'मला नको' म्हटलं तर मित्र ऐकत नाहीत. 'डॉक्टरनं बंद केलंय, घरी कळलं तर गोंधळ होईल' म्हटलं की सोडतात. आपल्याकडे स्वतःच्या इच्छेपेक्षा डॉक्टरचा आणि घरचा शब्द लोक जास्त मानतात, तर तो वापरू दे ना त्याला.

आणि हे तर मला भाऊजींमुळेच कळलं. दुकानातल्या त्या साउंडबॉक्समधून, मोबाईलवरून पैसे पोचले की एकदम बाईचा आवाज येतो. आपण ऐकूनही घेत नाही. ज्यानं अनेक वर्षं न दिसणाऱ्या माणसांचे आवाज ऐकलेत त्याच्या अंगावर काटा येतो. भाऊजी दूध तिथेच टाकून घरी आले होते. म्हणून दुकानाचा धडा करताना आधी तो डबा दाखव, आवाज कुठून येतो ते दाखव, घरी मोबाईलवर तसा आवाज लावून सराव कर. अमेरिकेतल्या कुठल्या पुस्तकात हे सापडेल?

तू म्हणशील, ताई, मी कोण हे सगळं बदलणारी, मी काय डॉक्टर आहे? मग बडवानीचं ऐक. बडवानी काही लांबची नाही, आपल्याच निमाडातली, नर्मदेकाठची. तिथे आशाग्राम नावाची संस्था आहे, मुळात कुष्ठरोग्यांसाठी काम करणारी. तिथे डॉ. सुदीप्तो चॅटर्जी आणि सहकाऱ्यांनी स्किझोफ्रेनियाच्या माणसांसाठी त्याच भागातले साधे लोक शिकवून तयार केले. ते घरोघर जायचे, कुटुंबाशी बोलायचे, गावातल्या लोकांना धरून समित्या करायचे. 2003 मध्ये त्याचा अभ्यास छापून आला. 207 जणांपैकी 127 जणांना ही घरपोच साथ मिळाली, 80 जण नुसते दवाखान्यात येऊन जायचे. उपचारात पूर्ण टिकले ते पहिल्यांपैकी 63 टक्के, दुसऱ्यांपैकी 46 टक्के. आणि पहिल्या गटातले लोक जास्त गरिबीतले होते, हे लक्षात घे. जे टिकले त्यांच्यातही घरपोच साथीवाल्यांचं रोजचं जगणं जास्त सुधारलं.

पुढे सातारा, गोवा आणि तमिळनाडूत 282 जणांवर तसाच मोठा अभ्यास झाला, 2014 साली लॅन्सेटमध्ये आला. गावातल्याच शिकवलेल्या कार्यकर्त्यांची साथ डॉक्टरी उपचाराला जोडली, तर फरक थोडा पडला, पण खरा पडला. थोडा म्हणते ते मुद्दाम. तुला कोणी चमत्काराचं सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. आणि या दोन्हीकडे औषध चालूच होतं. धडा गोळीच्या जागी येत नाही, गोळीच्या सोबत येतो. तुझी आई दर्ग्यावर जाते, इच्छादेवीला नवस बोलते, तिला अडवू नकोस. अंगारा लागू दे, गोळी चुकू देऊ नकोस.

तिकडे लॉस एंजेलिसमध्येही हेच ध्यानात आलं. मेक्सिकोकडून आलेल्या स्पॅनिश बोलणाऱ्या कुटुंबांत अमेरिकी धडे वर्गापुरते राहायचे, घरी उतरायचे नाहीत. मग ॲलेक्स कोपेलोविच आणि लिबरमन यांनी धडे त्यांच्या भाषेत आणि रीतीत आणले, आणि घरातल्याच एकेका माणसाला शिकवून घेतलं. 2003 मध्ये त्यांनी दाखवलं की त्यानं गुण येतो. म्हणजे ज्यांनी धडे लिहिले त्यांनीच ते उसवून पुन्हा शिवले. तू बिनधास्त शीव.

एक गोष्ट मनाला लागते म्हणून सांगते. हे धडे वाचताना डोळ्यांसमोर नेहमी पुरुषच येतो. आपल्या ओळखीत अशा मुली नाहीत का? आहेत, पण माहेरी आतल्या खोलीत. चेन्नईच्या स्कार्फ या संस्थेनं लग्न मोडलेल्या अशा बायकांचा वेगळा अभ्यास केलाय. आजार कळला की नवऱ्यानं सोडायचं आणि म्हाताऱ्या आई-बापांनी सांभाळायचं, हीच कहाणी पुन्हा पुन्हा. तुझ्या वहीत दोन पानं त्यांच्यासाठी ठेव. हळदीकुंकवाला जाऊन दहा मिनिटं बसून येणं, पाहुण्यांना पाणी नेऊन देणं हे तर आहेच. पण अंगाशी येणाऱ्या माणसाला ठाम नकार देणं, मोठ्यानं ओरडणं, घरात येऊन सांगणं, हा धडा त्यांच्यासाठी पहिला. इथे 'मोठ्यांसमोर आवाज चढवू नये' ही आपली रीत बाजूला ठेवायची. रीत माणसाच्या उपयोगी पडेल तिथेच रीत.

दवाखान्याचा धडाही बदल. पानांत आहे की डॉक्टरांशी सविस्तर बोला. सरकारी ओपीडीत दोन मिनिटं मिळतात, आणि ती दोन मिनिटं आपणच बोलतो, तो शेजारी बसून असतो. या वेळी तू गप्प बस. दादाला तीन वाक्यं चिठ्ठीवर लिहून दे: झोप किती लागते, हात थरथरतात की नाही, गोळीनं काय त्रास होतो. त्यानं वाचून दाखवली तरी चालतील. डॉक्टर त्याच्याकडे बघून उत्तर देतील, आणि हे त्याच्यासाठी किती मोठं असतं ते तुला बाहेर आल्यावर कळेल.

मुलीला बाहेर भेटायला बोलवायचा जो धडा आहे तो फाडून टाकायचा म्हणतेस. प्रसंग काढ, पण त्यामागची इच्छा काढू नकोस. दादालाही सोबत हवी असणार. त्याबद्दल त्याच्याशी बोलणारं घरात कोणी नाही, तू बोल. आणि 'लग्न करून द्या, आपोआप बरा होईल' म्हणणाऱ्या नातेवाइकांना तिथल्या तिथे थांबव. लग्न हे औषध नाही. आजार लपवून लावलेलं लग्न कोर्टात रद्द होऊ शकतं, आणि एका परक्या पोरीचं आयुष्य त्यात भरडतं. सांगून, पटवून, औषधं नियमित असताना झालेली लग्नं टिकलेली आहेत. घाई नको, खोटं तर मुळीच नको.

अर्धं काम दादाचं आहे, अर्धं गावाचं. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला तू आधी जाऊन भेट. आजाराचं नाव सांगायचं की नाही ते दादाला विचारून ठरव. नाव न घेताही सांगता येतं: 'भैया, माझा भाऊ हळू बोलतो, त्याला थोडा वेळ द्या, गिऱ्हाइकं पुढे घेऊ नका.' बहुतेक जण ऐकतात. पोरं 'पागल' म्हणून ओरडतात तेव्हा 'तुमच्या बोलण्यानं मला वाईट वाटतं' असं सांगायचा पानांतला सल्ला उपयोगाचा नाही, पोरं आणखी ओरडतील. ओळखीच्या मोठ्या माणसाकडे, दुकानाच्या ओट्याकडे चालत जायचं आणि तिथे थांबायचं. म्हणून तर ओटेवाले आजोबा आणि दुकानदार आधी आपले करून ठेवायचे.

पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन 1997 पासून आहे. मूळचे धुळ्याकडचे, कॅनडात कॅलगरीला प्राध्यापक राहिलेले जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या आजारपणातून ती उभी केली. तिथे आजारी माणसाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात, त्यांचे स्वमदत गट चालतात. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 2004 चा 'देवराई' बघितला नसशील तर बघ, त्यातही भाऊ आजारी आहे आणि बहीण सांभाळते आहे. बुऱ्हाणपुरात तसा गट करायला शंभर माणसं लागत नाहीत. चार घरं पुरेत. दादाबरोबर आणखी दोघं-तिघं असले की एकानं दुकानदार व्हायचं, एकानं गिऱ्हाईक. बहिणीनं दुरुस्त केलेलं लागतं, बरोबरीच्यानं दुरुस्त केलेलं लागत नाही. कागदपत्रांचंही बघून घे: 2016 च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यात मानसिक आजारातून आलेलं अपंगत्व धरलेलं आहे, प्रमाणपत्र मिळतं, आणि 40 टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर सवलतींना पात्र होता येतं. रात्री-अपरात्री अडलं तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे, हिंदीतून बोलता येतं.

तर आता असं कर. ती पानं आठवडाभर बाजूला ठेव. एक साधी वही घे आणि दादाबरोबर फिर. तो कुठे जातो, कुठे जायचं टाळतो, कोणाशी बोलताना अडतो, ते लिही. बारीकसारीक लिही, तो नेमकं काय म्हणाला आणि समोरचा काय म्हणाला ते. मग त्यालाच विचार की यातलं आधी कुठलं जमावंसं वाटतं. तुला वाटेल त्यानं नोकरीसाठी बोलायला शिकावं. तो कदाचित म्हणेल, मला टपरीवर क्रिकेटच्या गप्पांत एकदा बोलायचंय. मग पहिला धडा क्रिकेटचाच लिहायचा, बाबा काहीही म्हणोत. लिहून झाला की रविवारी दुपारी माझ्याकडे ये, भाऊजी गिऱ्हाईक व्हायला तयार आहेत. दादालाही आण, पण त्याला आधी विचार, आणि तो नाही म्हणाला तर तू एकटी ये.